तपकीर गल्ली: मिक्सर भंगारात घालण्याआधी एक फेरी

पुण्याच्या बुधवार पेठेतल्या या गल्लीत आता वायरी, दिवे, पंख्यांचे कपॅसिटर आणि मिक्सरचे सुटे भाग यांचाच बाजार आहे. गाडी नेऊ नये. मंडई किंवा कसबा पेठ मेट्रो स्थानकावरून चालत जाणं सोयीचं.

सुट्या भागांसाठी पाचपैकी साडेचार गुण, सल्ल्यासाठी तीन. काउंटरवर नुसतं 'मिक्सर बंद पडलाय' म्हटलं की काही जण थेट नव्या मिक्सरची किंमत सांगतात. म्हणून निदान घरूनच करून जावं.

मोटर फिरते पण पातं फिरत नाही, म्हणजे कपलरचे, मोटर आणि भांडं जोडणाऱ्या दातेरी चकतीचे, दाते झिजले. हा भाग बहुधा शंभराच्या आत मिळतो. मोटरवरचा कपलर काढायची युक्ती अशी: प्लग काढून, खालून शाफ्ट (मोटरचा दांडा) पकडून, मिक्सर ज्या दिशेने फिरतो त्याच दिशेने कपलर फिरवा. उलटा फिरवला तर आणखी घट्ट बसतो, आणि मग पक्कड लावून लोक तो फोडतात. जुना कपलर सोबत न्याच. मॉडेलचं नाव सांगून भागत नाही. आटे जुळले आणि दात्यांत थोडा फरक राहिला तरी नवा लवकर झिजतो.

ठिणग्या आणि जळका वास येत असेल तर कार्बन ब्रश, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे छोटे ठोकळे, बघा. ते जोडीनेच बदलावेत. मधूनच बंद पडत असेल तर आधी तळाचं लाल बटण बघा, जास्त भार आला की मोटर बंद करणारं; दहा मिनिटं थांबून दाबा. भांड्याखाली काळपट ओल दिसली तर बुश, म्हणजे पात्याचा दांडा ज्यात फिरतो ती भांड्याच्या तळाची नळी, गेलाय. याकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. तेच पाणी पुढे मोटरच्या बेअरिंगमध्ये उतरतं आणि किरकोळ काम मोठं होतं. बुश बसवायला भांडं तिथेच द्यावं, घरी ठोकाठोक करू नये.

आर्मेचर, म्हणजे मोटरचा फिरणारा भाग, जळलं असेल तर नवं घेताना वाइंडिंग (तारेची गुंडाळी) तांब्याचं की ॲल्युमिनियमचं, हे विचारा आणि बिलावर लिहून घ्या. आर्मेचर आणि फील्ड (त्याभोवतीची स्थिर गुंडाळी) दोन्ही गेलं असेल तर मात्र हट्ट सोडावा, मशीन ई-कचऱ्यात द्यावं. १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या नियमांनी ई-कचऱ्याच्या पुनर्चक्रणाची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. पण त्यातून हाती लागतं ते तांबं आणि प्लास्टिक. चालू मिक्सर परत मिळतो तो या गल्लीतच, तोही गिऱ्हाईक जुना भाग घेऊन आलं तर.

काही दुकानांत बिल मागितल्यावर कपाळाला आठ्या पडतात. तरी मागावं. आणि ब्रशची एक जास्तीची जोडी घेऊन ठेवावी.