होलो नाईट : आठ महिने खेळल्यावर, आणि ते लांबचं बाकडं

गेल्या महिन्यात माझा गेम कंट्रोलर गेला, म्हणून हे लिहायला बसलोय. त्याची डावी काठी (ॲनालॉग स्टिक) हात न लावता डावीकडे सरकायला लागली. होलो नाईट या व्हिडिओ गेममध्ये काठी थोडी ढकला नाहीतर पूर्ण, नाईट (आपण चालवतो तो योद्धा) एकाच वेगाने चालतो. त्यामुळे थोडासा ड्रिफ्टसुद्धा त्याला धावत काट्यांवर नेऊन टाकतो. वॉरंटी वर्षाची, कंट्रोलर सात महिन्यांचा. सर्व्हिस सेंटरवाल्याचं उत्तर एकच, "सर, काठी वापराने झिजते, ते वॉरंटीत बसत नाही." अहो, कंट्रोलर वापरायलाच घेतात ना! तीनदा फोन केले, एकदा रिक्षाचे पैसे घालून स्वतः जाऊन आलो, हाती काही लागलं नाही. अठराशे रुपये पाण्यात.

आता गेमकडे. तो काय आहे ते बहुतेकांना माहीत आहे. ॲडलेडच्या टीम चेरी या स्टुडिओचा, 2017 चा. मी तो सेलमध्ये अर्ध्या किमतीत घेतला आणि पैसे पुरेपूर वसूल झाले. चित्रं, संगीत, सिटी ऑफ टिअर्स या गेममधल्या शहरातला न थांबणारा पाऊस, यावर पुष्कळांनी लिहिलंय. मला बोलायचंय ते बाकड्यांबद्दल.

बाकड्यावर बसलं की गेम सेव्ह होतो, जीव भरतो, नकाशावर नवीन खोल्या उमटतात. मेलात की शेवटच्या बाकड्यावर उठता. तुमचे जिओ (गेममधले पैसे) मात्र मेलात तिथेच, तुमच्या शेडपाशी (मागे उरलेल्या सावलीपाशी) राहतात. सोलचं (जीव भरायला आणि मंत्रांना लागणाऱ्या शक्तीचं) भांडंही तडकलेलं असतं, म्हणजे शेडला मारेपर्यंत सोल कमीच साठतो. परत पोचायच्या आत पुन्हा मेलात तर जिओ कायमचे गेले. म्हणजे बाकडं आणि बॉस (लेव्हलचा मोठा शत्रू) यांच्यात किती अंतर ठेवायचं, यावर त्या लेव्हलची सगळी चव ठरते. बॉस कितीही चांगला असो, अंतर चुकलं की जेवणात खडा.

मँटिस लॉर्ड्स या बॉसचं बघा. बाकडं त्यांच्या गावातच आहे. हरलो, उठलो, दोन उड्या मारल्या की पुन्हा त्यांच्या सिंहासनांसमोर. पंचवीसेक वेळा हरलो असेन, एकदाही चिडलो नाही. जिंकल्यावर त्याच गावातून परत निघालो, तर वाटेत अंगावर येणारे मँटिस माना झुकवून बाजूला उभे. मी कंट्रोलर मांडीवर ठेवून नुसता बघत राहिलो. एक शब्द न बोलता त्या जागेने मला सांगितलं की आता तुझा मान आहे.

आणि सोल मास्टर हा बॉस? बाकड्यापासून सँक्टम या त्याच्या इमारतीच्या मजल्यांवरून चढत जायचं, वाटेत मागे लागणारे गोळे सोडणारे जादूगार, मग कुठे बॉस. एकतीस प्रयत्न लागले. फेरीला मिनिट धरलं तरी अर्धा तास नुसतं चालण्यात गेला. नोकरी करून रात्री साडेदहाला बसणाऱ्या माणसाचा अर्धा तास म्हणजे त्या दिवसाचा सगळा गेम. वर सोल मास्टर मेल्यासारखं करून पुन्हा उठतो आणि फरशी फोडून लढाई खालच्या मजल्यावर नेतो. पहिल्यांदा हे झालं तेव्हा संतापलो होतो. मात्र जिंकल्यावर मिळणारी खाली आपटण्याची ताकद वापरूनच तिथून बाहेर पडावं लागतं, हे कळल्यावर राग निवळला. काय शिकायचं ते जागाच शिकवते, वेगळी सूचना वाचायला लागत नाही. चालण्याबद्दलचा राग तेवढा राहिला.

तेव्हा मी मित्राला ठामपणे सांगितलं होतं की हे डिझाइन चुकीचं आहे. सेलेस्ट या दुसऱ्या गेममध्ये मेलात की त्याच पडद्यावर क्षणात उभे राहता, तसंच सगळ्यांनी करावं. आज ते मत पूर्ण उरलेलं नाही, आणि ते बदललं त्या मोडक्या कंट्रोलरमुळे.

काठी गेली तेव्हा मी एका मनोऱ्यातल्या वॉचर नाईट्स या बॉसवर अडकलो होतो. सहा शिपाई, एका वेळी दोन. मग कीबोर्डवर आलो. झेडवर उडी, एक्सवर वार, सीवर डॅश. बोटांना सवय नव्हती, म्हणून लिफ्टपासून वरपर्यंतची वाट हळू चालायला लागलो. पहारेकऱ्यांना चुकवून पळण्याऐवजी थांबून बघायला लागलो. तिसऱ्या का चौथ्या रात्री, बॉसच्या खोलीच्या अलीकडे एक भिंत वार केल्यावर फुटली. आत चोरवाट, आणि वर झुंबराचा आधार. तो तोडला की झुंबर खाली एका नाईटवर पडतं आणि सहाचे पाच होतात. पंधरा-वीस वेळा मी त्या जागेवरून धावत गेलो होतो. ज्याने ती वाट तिथे ठेवली, त्याने ती वारंवार तिथून जावं लागणाऱ्या माणसासाठीच ठेवली, असं मला मनापासून वाटतं. त्या मनोऱ्यातलं अंतर रिकामं नव्हतं.

सोल मास्टरच्या वाटेला मात्र माझी अजूनही माफी नाही. बारकाईने बघावं म्हणून नंतर तीही हळू चालून आलो. मला तिथे तसं काही सापडलं नाही. पुढे ड्रीम गेट नावाची ताकद मिळते आणि हवं तिथे परत उमटता येतं, पण त्यासाठी 900 इसेन्स (गेममध्ये गोळा करायची आणखी एक गोष्ट) लागतो. तोवर लांब फेऱ्यांचा त्रास भोगून झालेला असतो. हीच सोय आधी, थोडे जिओ घेऊन दिली असती तर मी आनंदाने मोजले असते.

सिल्कसाँग, म्हणजे या गेमचा पुढचा भाग, सप्टेंबर 2025 ला आला. त्यातल्या लास्ट जज या बॉसपर्यंतच्या वाटेबद्दल लोकांची हीच तक्रार वाचली. तो घेणार आहे, पण सेल लागल्यावर. आणि नवीन कंट्रोलर घेणार नाही. कीबोर्डवर आता हात बसलाय, परवा होलो नाईटच्या डीपनेस्ट या भागातून एकदाही न मरता बाहेर आलो.