आधी परवानगी की नंतर कोर्ट?

अमेरिकेत कृष्णवर्णीयांचं मत राखायला 1965च्या मतदान हक्क कायद्यात दोन हत्यारं होती. कलम 5 म्हणजे आधी परवानगी. वंशभेदाचा इतिहास असलेल्या राज्यांना मतदान केंद्र रस्त्यापलीकडे हलवायचं तरी वॉशिंग्टनची मंजुरी लागे. बदल निर्दोष आहे, हे राज्यानेच पटवायचं. कलम 2 देशभर लागू, पण तिथे आधी अन्याय सोसा, मग वकील शोधा.

अलाबामाचंच बघा. कृष्णवर्णीय सुमारे 27 टक्के, पण सातपैकी एकाच मतदारसंघात त्यांचं बहुमत. कृष्णवर्णीय मतदार कलम 2खाली कोर्टात गेले. जानेवारी 2022मध्ये खालच्या कोर्टाने मतदारसंघांचा हा नकाशा अडवला, सुप्रीम कोर्टाने त्या निकालाला स्थगिती दिली आणि निवडणूक त्याच नकाशावर उरकली. जून 2023मध्ये मतदारांनी सुप्रीम कोर्टात खटला 5-4ने जिंकला खरा, पण वरातीमागून घोडं!

कलम 5 जाचक होतं, कबूल. राज्यं निवडण्याचं सूत्रही जुन्या आकड्यांवरचं. म्हणूनच 2013मध्ये शेल्बी काउंटी खटल्यात सुप्रीम कोर्टाने ते सूत्र रद्द केलं आणि सूत्राविना कलम 5 निकामी झालं. भिजत नाही म्हणून भर पावसात छत्री फेकण्यातला हा प्रकार, असं न्यायमूर्ती गिन्सबर्ग यांनी विरोधी निकालपत्रात लिहिलं. टेक्ससने तर कलम 5मुळे अडकलेला मतदार ओळखपत्राचा कायदा त्याच दिवशी लागू करत असल्याचं जाहीर केलं. मला विचाराल तर छत्रीच हवी. नवं सूत्र ठरवायची मुभा कोर्टाने काँग्रेसला, म्हणजे अमेरिकी संसदेला, दिली होती. ते काही झालं नाही.