अंगणातला बंब, जमिनीतला पाइप आणि बर्फातला पट्टा

आधीच सांगतो, हा रिव्ह्यू बॉयलरचा नाही. बॉयलरपासून घरापर्यंत जमिनीखालून जो पाइप जातो ना, त्याचा आहे. पाइपवर कोण एवढं लिहितं असं वाटेल, पण ह्या पाइपने माझा एक अख्खा हिवाळा आणि अर्धी कंबर खाल्लीये, त्यामुळे लिहिणार.

आम्ही उत्तर मिनेसोटात बमिजीच्या बाहेर राहतो. बायको डॉक्टर, व्हिसाच्या अटीमुळे तीन वर्षं लहान गावातल्या हॉस्पिटलात काढायची होती म्हणून आलो आणि मग राहिलोच. घर घेतलं ते गावापासून लांब, पाइपलाइनचा गॅस इथवर येत नाही, त्यामुळे एकतर प्रोपेनची टाकी भरून घ्या नाहीतर लाकडं जाळा. आधीच्या मालकाने घरापासून ८५ फुटांवर लाकडाची भट्टी बसवलेली होती, इथे आउटडोअर वुड बॉयलर म्हणतात. लांबून बघितलं तर पत्र्याची छोटी खोली आणि वर धुराडं, आत जाळायला मोठ्ठं पोट आणि त्याच्या चारी अंगाने पाणी. २०२२ च्या डिसेंबरात आई वाईहून आली होती, तिने दार उघडून आत डोकावलं आणि म्हणाली, "अरे, हा तर आपला बंब!" बरोबरच आहे की, मध्ये विस्तव आणि भोवती पाणी. फरक एवढाच की तिकडे बंबाचं पाणी बादलीने न्हाणीत न्यायचं आणि इथे ते २०० गॅलन पाणी पंप ढकलतो, ते घरात येऊन हवा गरम करतं, आंघोळीचं पाणी तापवतं आणि गार होऊन परत बंबात जातं. तेव्हापासून घरात त्याला बंबच म्हणतात, पोरीने शाळेच्या निबंधातसुद्धा बंबच लिहिलं होतं आणि टीचरला काही कळेना.

रोग पण आईनेच पकडला. तो हिवाळा म्हणजे नुसता बर्फच बर्फ, आणि त्या पांढऱ्या अंगणात बंबापासून थेट किचनच्या भिंतीपर्यंत दोनेक फूट रुंदीचा तपकिरी-हिरवा पट्टा, बर्फाचं नाव नाही, गवत चक्क दिसतंय. शेजाऱ्यांचं मांजर उणे वीस फॅरनहाइटला येऊन त्यावर पाय ताणून झोपायचं. मला खरं सांगायचं तर त्या पट्ट्याचं कौतुकच होतं, पाहुणे आले की दाखवायचो. आईने विचारलं, "इथंच बर्फ का नाही रे?" म्हणलं खालून पाइप जातो ना, ऊब असते. तर म्हणाली, "म्हणजे एवढी लाकडं फोडून तू अंगण तापवतोयस."

हे डोक्यात बसलं ते बसलंच. त्या सीझनला १४ कॉर्ड लाकूड गेलं होतं. कॉर्ड म्हणजे ४ फूट रुंद, ४ फूट उंच आणि ८ फूट लांब रचलेली थप्पी, तशा १४. आधीच्या मालकाने सांगितलेलं की एवढं लागतंच, जुना बंब आहे, आणि मी नवीन माणूस, म्हणलं लागत असेल.

मग मोजायला घेतलं. एक टीप देऊन ठेवतो, लेझरवाली तापमान गन थेट तांब्यावर नाहीतर पितळेवर धरली की चुकीचं दाखवते, चकचकीत धातूवर तिला नीट वाचता येत नाही, मी दोन दिवस ते वेडेवाकडे आकडे बघून पंपाला शिव्या घालत होतो. काळी इलेक्ट्रिकलची टेप गुंडाळा आणि तिच्यावर मारा, मग बरोबर येतं. आकडे असे आले (सगळं फॅरनहाइट): बंबातून निघताना १८१, घरात शिरताना १७८. घरातून परत निघताना १६०, बंबात पोचताना १५८. म्हणजे जाता-येता मिळून ५ डिग्री जमिनीत.

पाच डिग्रीच तर आहेत, काय त्यात, असं मलाही वाटलं. पण गणित बघा. गॅलनभर पाणी ८.३३ पौंडाचं, तासाची ६० मिनिटं, गुणाकार साधारण ५००, म्हणून मिनिटाला किती गॅलन गुणिले किती डिग्री गुणिले ५०० की तासाचे बीटीयू निघतात (बीटीयू म्हणजे पौंडभर पाणी एक डिग्री तापवायला लागणारी उष्णता). माझा पंप ८ गॅलनच्या आसपास ढकलतो असं धरलं तर ८ गुणिले ५ गुणिले ५००, तासाला २०,००० बीटीयू मातीत. घराला त्याच वेळी मिळत होते ७२,०००. म्हणजे बंबातून निघालेल्या उष्णतेतला पाचवा हिस्सा, वर थोडा जास्तच, मांजराच्या पोटाखाली. हे चोवीस तास, हिवाळा इथे सहा महिन्यांचा. १८० दिवसांचे ८ कोटी ६४ लाख बीटीयू होतात, आणि वाळलेल्या बर्चच्या एका कॉर्डमध्ये साधारण २ कोटी असतात. चार कॉर्डच्या वर झाले. त्यात जुना बंब लाकडातली जेमतेम अर्धी उष्णता पाण्याला देतो, म्हणजे कागदावर आठ कॉर्ड. मी रात्री अकराला किचनमध्ये बसून हे तीनदा केलं.

वसंतात बर्फ गेल्यावर जुना पाइप एका ठिकाणी उकरला. कुठल्या कंपनीचा होता ते सांगत नाही, त्यावर नावही उरलं नव्हतं, पण प्रकार सगळ्यांना माहीत असेल: काळा वळ्यावळ्यांचा ड्रेनेजचा पाइप, आत दोन पेक्सच्या (गरम पाण्याच्या प्लास्टिकच्या) नळ्या आणि त्यांना गुंडाळलेली ती चंदेरी बुडबुड्यांची शीट. चाकूने कापला तर आतून गरम पाणी भळकन बाहेर आलं, चहासारखी वाफ निघत होती त्यातून. बंबाचं पाणी नव्हे, नळ्या शाबूत होत्या. जमिनीतलं पाणी कुठल्यातरी सांध्यातून आत शिरून साचलेलं आणि आमचा बंब ते इमानेइतबारे तापवत बसलेला.

इथेच सगळी गोम आहे आणि लोक ह्याच्यातच फसतात. आपल्याला वाटतं थंडी उष्णता खाते, पण थंडीपेक्षा जास्त पाणी खातं. चांगल्या फोमपेक्षा पाण्यातून उष्णता वीसपटीच्या वर वेगाने जाते. आणि ती चंदेरी शीट म्हणजे नुसती चमक, समोर हवेची पोकळी असेल तरच तिचा काही उपयोग, नळीला घट्ट गुंडाळून पाण्यात बुडवली की ती असून नसल्यासारखीच. त्यात घराकडे जाणारी गरम नळी आणि परत येणारी गार नळी एकमेकींना चिकटलेल्या, म्हणजे घरी न जाताच थोडी उष्णता आतल्या आत माघारी.

नवीन काय घ्यायचं ह्यावर महिनाभर डोकं लावलं. एक पर्याय चरात नळ्या टाकून त्यावर फोम फवारून घ्यायचा, चांगलं काम होतं म्हणे, पण तो ट्रक घेऊन येणारा माणूस लागतो आणि चर कोरडा लागतो, आमच्याकडे चिकणमाती, कोरडा चर मिळायला नशीब लागतं. दुसरा, फोमच्या शीटची पेटी स्वतः बनवायची, स्वस्त पडते पण सांधे इतके की पाणी कुठूनतरी शिरणारच. तिसरा म्हणजे कारखान्यातूनच तयार आलेला, एक इंची दोन पेक्स, भोवती पॉलीयुरेथेन फोम ठासून भरलेला आणि वर जाड पॉलिथिनचं कवच. मधे मोकळी जागाच नाही, त्यामुळे कवच कुठे फाटलं तरी पाणी पाइपभर पळत नाही. थर्मोपेक्स, इन्सुलपेक्स वगैरे ह्याच जातीतले. मी ह्या जातीतला घेतला. कोणाचा ते मुद्दाम लिहीत नाही कारण खाली कुरकूर पण आहे. आतल्या पेक्सला ऑक्सिजन बॅरियर असलेला बघून घ्या, नाहीतर नळीतून ऑक्सिजन आत झिरपत राहतो आणि लोखंडी भाग गंजतात.

भाव ऐकून घाम फुटला होता. फुटाला १६ डॉलर, चंदेरीवाला ६-७ ला मिळतो. टोकांना जास्तीचा लागतो म्हणून ९५ फूट घेतला, १५२० झाले, मिनी एक्स्कॅव्हेटरचं एक दिवसाचं भाडं ३२०, फिटिंगचे १८०. दोन हजारांच्या वर गेलं. बायको म्हणाली एवढ्यात प्रोपेन किती आलं असतं, मी तो हिशोब मुद्दाम केला नाही.

खणायच्या आधी ८११ ला फोन करायचाच, मिनेसोटात तो गोफर स्टेट वन कॉलला लागतो, म्हणजे जमिनीखालून काय काय गेलंय ते दाखवून देणारी सेवा, फुकट आहे. ते येऊन झेंड्या लावून जातात, लाल म्हणजे वीज, नारिंगी म्हणजे टेलिफोन-इंटरनेट. माझ्या चराच्या बरोब्बर मध्ये नारिंगी झेंडी निघाली. तिथे फावड्याने, हाताने, बायको टॉर्च घेऊन उभी, कारण तोपर्यंत अंधार पडलेला. चर चार फूट खोल घेतला. आमच्या भागात घराच्या पायाची खोली ५ फूट धरतात, म्हणजे थंडी तिथवर जाते असं मानून चालायचं, पण पाणी सतत फिरतं असल्याने पाइपला तेवढं खोल जायलाच पाहिजे असं नाही.

आता कुरकूर. हा पाइप अजगर आहे. वळत नाही. सप्टेंबरातल्या गार सकाळी तो वेटोळं सोडायलाच तयार नव्हता, मी एका टोकाला धरून ओढतोय आणि दुसरं टोक मला परत ओढतंय. शेवटी शेजारचे आजोबा ट्रॅक्टर घेऊन आले, बघितलं, काही न बोलता पाइप काळ्या ड्राइव्हवेवर उन्हात पसरवला आणि कॉफी प्यायला गेले. दुपारी दोनला तो माणसात आला. तेव्हा ऊन असलेला दिवस निवडा आणि दोन माणसं हवीतच. दुसरं, भिंतीतून आत घेताना वळण मोठं लागतं, तळघराच्या भिंतीला पाडायचं भोक मला दीड फूट सरकवावं लागलं.

आणि टोकांच्या टोप्या! फोम टोकाला उघडा राहतो, तिथून पाणी शिरू नये म्हणून रबरी टोप्या बसवतात. ज्यांनी पाइप पाठवला त्यांनी दोन्ही टोकांना मिळून एकच टोपी पाठवली, फोन केला तर म्हणे पार्सलमध्ये दोन आहेत, बॉक्स परत बघा. बॉक्समध्ये काय बघू, कप्पाळ? दुसरी यायला अकरा दिवस लागले, तोवर एक टोक प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलं होतं. एवढ्या महागाच्या मालाबरोबर हे असं. एक स्टार त्याचाच कापतोय, म्हणून ५ पैकी ४.

कामगिरीबद्दल मात्र तक्रार नाही. आता दोन्ही टोकांना टेपवर गन मारली तर फरक इतका कमी येतो की तो खरा की गनचाच घोळ तेच कळत नाही. जाता-येता मिळून एक डिग्री धरली तरी तासाला ४,००० बीटीयू झाले, कुठे ते २०,००० आणि कुठे हे.

पण लाकूड किती वाचलं ते प्रामाणिकपणे सांगतो. पहिल्या हिवाळ्यात १४ चे ९ कॉर्ड झाले आणि मी सगळ्यांना फोन करून सांगितलं. नंतर लक्षात आलं की तो २०२३-२४ चा हिवाळा, मिनेसोटाच्या नोंदींमधला सगळ्यात उबदार, त्या वर्षी पाइप काढून टाकला असता तरी कमीच लागलं असतं. खरी परीक्षा २०२४-२५ ला झाली, तेव्हा लागले १०. म्हणजे वाचले चार, कागदावरचे आठ नाहीत. मी मोजलं तेव्हा जमीन चिंब होती, बाकी हिवाळाभर गळती तेवढी नसणार, आणि पंपाचे ८ गॅलन हाही अंदाजच. फोडलेलं बर्च मला २२० डॉलरला कॉर्ड पडतं, चार कॉर्डचे ८८०, म्हणजे अडीच हिवाळ्यांच्या आत पैसे वसूल. आणि चार कॉर्ड उचलायचे, रचायचे, पहाटे उठून कोंबायचे वाचले ते वेगळं.

घ्यावा का? बंब घरापासून लांब असेल आणि जमीन ओलसर असेल तर नक्की घ्या, नवा बंब घ्यायच्या आधी हा घ्या. बंबावर हजारो डॉलर खर्च करणारे लोक पाइपला येऊन फुटामागे दहा डॉलर वाचवतात, मी बघितलेत. जमीन रेताड असेल, पाणी साचत नसेल आणि अंतर वीस-तीस फूटच असेल तर तेवढी घाई नाही, पण आधी टेप लावून मोजा तरी.

गेल्या डिसेंबरात आईला व्हिडिओ कॉलवर अंगण दाखवत होतो, ती म्हणाली पट्टा दाखव. सगळीकडे सारखाच बर्फ, पाइप नेमका कुठून जातो ते मलाच सांगता येईना. मांजर पण दिसलं नाही. दुसऱ्या दिवशी जाऊन दोन्ही टोकांना नारिंगी काठ्या ठोकल्या, उद्या कोणी खणायला आलं तर कळायला नको?