रेशियल जस्टिस संडे की कौन्सिलमधली खुर्ची?
लेस्टरचा मित्र विचारत होता, चर्चमधे वंशभेदावर काय करू, वर्षातून एकदा रेशियल जस्टिस संडे (वंशभेदाविरुद्ध प्रार्थनेचा रविवार) की थेट पॅरिश कौन्सिलमधे, म्हणजे चर्चचा कारभार बघणाऱ्या निवडून आलेल्या समितीत, काळ्या-आशियाई लोकांना आणू? खर्च दोन्हीला किरकोळच. संडेला मेहनत कमी, ब्रिटनमधे १९९५ पासून चालूय, प्रार्थना तयार मिळतात, पण सोमवारी सगळं जैसे थे, समोसे तेवढे संपतात :) कौन्सिलचं काम चिवट, एकेकाला गाठून निवडणुकीला उभं राहा म्हणायचं, मीटिंगची भाषा सोपी करायची, जुन्यांची नाराजी झेलायची, पण पैसा कुठे जाणार ते तिथेच ठरतं म्हणून टिकतं तेच. चर्च ऑफ इंग्लंडच्या वंशभेदावरच्या २०२१ च्या रिपोर्टात ४७ शिफारशी होत्या, त्यातही नेमणुकांचा मुद्दा मोठा. विषयच कधी निघाला नसेल तर संडे. चहा पाजणारे सगळे आणि ठरवणारे तेच चार असतील तर कौन्सिल.