काटो युनिट्रॅकचं आर-३१५ वळण: साडेसहा बाय अडीचच्या दरवाजावर

माझे वडील, अण्णा, इगतपुरीला रेल्वेच्या गँगचे मुकादम होते. त्यांच्याकडे ११.८ मीटरची एक दोरी असायची. वळणावर बाहेरच्या रुळाच्या आतल्या कडेला दोरीची दोन टोकं ताणून धरायची आणि बरोबर मधोमध दोरी आणि रूळ यांच्यातलं अंतर पट्टीने मोजायचं. जितके सेंटिमीटर, तितक्या अंशांचं वळण. सुट्टीच्या दिवशी यार्डातल्या साइडिंगवर दोरीचं एक टोक माझ्या हातात असायचं. ब्रॉडगेजला १० अंशांची हद्द, म्हणजे १७५ मीटर त्रिज्या. त्याच्या आत वळण न्यायचं नाही, हे अण्णांचं वाक्य मला पाढ्यांसारखं पाठ आहे.

बँकेतून निवृत्त झाल्यावर सिन्नर फाट्याच्या घरी मॉडेल रेल्वेची लहान गाडी मांडली ती एन स्केलची. म्हणजे १:१६० चं प्रमाण आणि दोन रुळांत ९ मिलिमीटर अंतर. त्याहून मोठ्या एचओ स्केलमध्ये हेच अंतर १६.५ मिलिमीटर. ते इंजिन हातात घ्यायला जास्त छान वाटतं, पण त्याला लागणारी जागा आमच्या मागच्या खोलीत नाही. पाट म्हणून नाशिकच्या द्वारकेजवळच्या प्लायवूडच्या दुकानातून ७८ बाय ३० इंचांचा फ्लश दरवाजा आणला. हलका, सपाट, आणि दोन घोडींवर ठेवला की झालं. पावसाळ्याआधी त्याला दोन्ही बाजूंनी प्रायमर मारून घ्या, कडासुद्धा सोडू नका. आमच्याकडे जुलैत हवा इतकी दमट होते की कोरा दरवाजा पीळ खातो.

भाचा टोकियोला असतो. त्याला मी काटो या जपानी कंपनीच्या युनिट्रॅकचे, म्हणजे मॉडेल रेल्वेच्या रुळांचे, तुकडे आणायला सांगितले. रूळ, स्लीपर आणि खडीचा बांध हे सगळं एकाच तुकड्यात येतं, बांधाची रुंदी २५ मिलिमीटर. तुकडे एकमेकांत टच्च बसतात आणि सोडवतानाही मोडत नाहीत. माझे किमान पंचवीस वेळा सोडून झाले असतील, अजून एकही जोड ढिला नाही. रूळ निकेल-सिल्व्हरचे आहेत, गंजत नाहीत. महिन्यातून एकदा आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा फिरवला की इंजिन अडखळत नाही.

आता मुख्य प्रश्न, कुठली त्रिज्या घ्यायची. एकेरी वळणं २४९, २८२, ३१५, ३४८, ३८१ मिलिमीटर अशी मिळतात. बहुतेक आकडे ३३ मिलिमीटरच्या फरकाने वाढतात, कारण दोन मार्गांमधलं अंतर तेवढं धरलेलं आहे. माझं इंजिन अल्को या अमेरिकी कंपनीच्या घराण्यातलं, सहा अॅक्सलचं. आपल्या डब्ल्यूडीएम-२ या डिझेल इंजिनाचं मूळ त्याच घराण्यातलं, म्हणून मला ते जवळचं वाटतं. त्याच्या खोक्यावर किमान २४९ लिहिलं होतं, म्हणून मी आधी २४९ च मागवलं. आठ तुकड्यांत पूर्ण गोल होतो आणि जागा जेमतेम ५२ सेंटिमीटर लागते. एकटं इंजिन सुरेख फिरलं. मालगाडीच्या आखूड वाघिणीही फिरल्या.

अडचण आली डब्यांची. माझे प्रवासी डबे ८५ फुटी, म्हणजे १:१६० मध्ये १६२ मिलिमीटर लांब. आपल्या रेल्वेचा एलएचबी प्रवासी डबा २३.५४ मीटरचा, तो याच प्रमाणात १४७ भरतो, फार फरक नाही. असा डबा २४९ वर उभा केला की त्याचं पोट आतल्या बाजूला सुमारे साडेसहा मिलिमीटर सरकतं. मी पुठ्ठ्याचा फलाट केला होता, त्याची कड पहिल्याच फेरीत खरवडली गेली. तरी ओढत असताना गाडी जात होती. पण मला हवा होता बँकर, म्हणजे मागून ढकलणारं इंजिन! कसाऱ्याहून इगतपुरीला १:३७ चा चढ आहे, तिथे गाडीला मागून इंजिनं लावून ढकलत आणतात. त्या इंजिनांच्या घरघरीत आम्ही लहानाचे मोठे झालो. म्हणून मी त्याच मॉडेलचं दुसरं इंजिन मागे लावलं. (दोन्ही एकाच मॉडेलची घ्या. वेगवेगळी असली तर एकाच व्होल्टेजवर वेग जुळत नाही आणि ती एकमेकांशी भांडतात.) २४९ वर दर दुसऱ्या फेरीला मधला डबा बाहेरच्या बाजूला उतरायचा. ढकललं की लांब डब्यांची रांग बाहेर फुगते, आणि वळण जितकं आवळलेलं तितका कपलरचा (डबे जोडणाऱ्या आकड्याचा) कोन वाढतो, मग चाक रुळावर चढतं.

तेव्हा मला अण्णांची दोरी आठवली. २४९ ला १६० ने गुणलं तर सुमारे ४० मीटर. वळणाचे अंश काढायला १,७५० ला मीटरमधल्या त्रिज्येने भागायचं. १,७५० भागिले ४०, म्हणजे जवळजवळ ४४ अंशांचं वळण! आणि त्यावर मी ब्रॉडगेजच्या मापाची गाडी ढकलत होते. १० अंशांचं खरं वळण दरवाजावर आणायचं तर १,०९४ मिलिमीटर त्रिज्या लागेल, नुसत्या अर्ध्या गोलाला सव्वादोन मीटर रुंदी. ते घरात शक्य नाही, म्हणून जागेत बसेल तेवढं मोठं वळण घ्यायचं. शौकीन लोकांचा एक ठोकताळा आहे: सगळ्यांत लांब डब्याच्या अडीच पट त्रिज्येला बहुतेक गाड्या चालतात, तीन पट असेल तर बिनधास्त. माझ्या डब्याची अडीच पट म्हणजे ४०५. तीसुद्धा ७६२ मिलिमीटर रुंदीत मावत नाही.

३४८ मावतं, पण दोन्ही कडांना दोनच सेंटिमीटर उरतात आणि खाली फरशी आहे. म्हणून मी ३१५ घेतलं आणि वळणाच्या सुरुवातीला व शेवटी ७१८ त्रिज्येचा १५ अंशांचा एकेक तुकडा घातला. खऱ्या रुळावरही सरळ मार्गातून एकदम पूर्ण वळणात जात नाहीत, मध्ये हळूहळू वाकत जाणारा ट्रान्झिशनचा भाग असतो. या तुकड्यांमुळे रुंदी वाढून ६८ सेंटिमीटर झाली, तरी दोन्ही बाजूंना चार-चार सेंटिमीटर मोकळे राहिले. गाडी वळणात शिरतानाचा झटका गेला. ३१५ वर डब्याचं पोट पाचच मिलिमीटर आत येतं, त्यामुळे नवा फलाट शाबूत आहे. बँकर लावून सहा डबे रोज संध्याकाळी फिरतात. डबा उतरायचा तो आता महिन्यातून एखादा, तोही मी वेगाचा रेग्युलेटर घाईने फिरवला तर.

उलटसुलट वळण करायचं असेल तर मध्ये निदान एका डब्याएवढा सरळ तुकडा घाला. काटोचा १८६ चा तुकडा १६२ च्या डब्याला पुरतो. तो न घालता मी इंग्रजी एस काढून पाहिला होता, दोन डब्यांचे कपलर विरुद्ध बाजूंना खेचले जाऊन सुटले.

तुमच्याकडे फक्त चार अॅक्सलचं शंटर (यार्डातलं छोटं इंजिन) आणि आखूड वाघिणी असतील तर २४९ खुशाल घ्या, जागा वाचेल. पण प्रवासी डबे एक दिवस घेणारच असाल तर खोक्यावरचा किमान आकडा पाहून रूळ मागवू नका. तो फक्त त्या इंजिनापुरता असतो. डब्याची लांबी मोजा आणि दरवाजा शक्य असेल तर ३६ इंची बघा. माझ्या खोलीत कपाटामुळे ३० च्या पुढे जाता आलं नाही. कपाट हलवायला जावयांना सांगितलं आहे, मग ३८१.