कृष्णेच्या उथळ पाण्यात मेटल डिटेक्टर: सात महिन्यांच्या वापरानंतर

वापर नोव्हेंबर ते मे, नदीतली जुनी नाणी शोधायला. जागा सातारा ते कराड दरम्यानचे वाळूचे उथळ पट्टे, पाणी गुडघ्यापासून फार तर मांडीपर्यंत. यंत्र 12 किलोहर्ट्झचं, एकाच फ्रिक्वेन्सीचं, 11 इंची डीडी कॉइलचं (कॉइल म्हणजे खाली फिरवायची चकती; डीडी म्हणजे तिच्यात D आकाराची दोन वेटोळी), 3 मीटरपर्यंत वॉटरप्रूफ. भिलवडी, औदुंबर, अंकलखोप या सांगलीकडच्या पट्ट्यात पाण्यात उतरूच नये. तिथे मगरींचा वावर आहे, आणि उन्हाळ्यात पाणी आटलं की त्या उरलेल्या डोहांत एकवटतात. वरच्या बाजूलाही धरणातून पाणी सुटणार आहे का, हे गावात विचारूनच पाय टाकावा.

समुद्रासाठी बनवलेलं महागडं पल्स यंत्र (विजेचे तुटक झटके सोडणारं) नदीला लागत नाही. खाऱ्या पाण्यातून वीज वाहते म्हणून यंत्र गोंधळतं. गोड्या पाण्यात तो त्रास जवळपास नाही. इथे छळते ती वाळू. सह्याद्रीच्या काळ्या पाषाणाची झीज होऊन आलेली रेती मॅग्नेटाइटने भरलेली असते. चिमूटभर रेती कागदावर घेऊन खालून चुंबक फिरवा, मिशांसारखी उभी राहते. त्यामुळे ग्राउंड बॅलन्स, म्हणजे अशा रेतीकडे दुर्लक्ष करायला यंत्राची जुळवणी, काठावर करून चालत नाही. पाण्यात, तळापासून चार बोटांवरून वीतभर वर अशी कॉइल हलवत तिथेच करायचा, आणि रेतीचा रंग बदलला की पुन्हा करायचा. सेन्सिटिव्हिटी पूर्ण ठेवली तर नुसती किलबिल ऐकू येते. दोन घरं खाली आणली की यंत्र शांत होतं. अशा रेतीत जुन्या रुपयाएवढं नाणं 12-15 सेंटिमीटरपर्यंत नीट कळतं. त्याखाली आवाज येतो, पण पडद्यावरचा धातू सुचवणारा आकडा लोखंडाकडे सरकतो.

त्रास तीन. पहिला, कॉइलच्या प्लॅस्टिक कव्हरमधे काळी रेती जाऊन बसते आणि यंत्र रिकाम्या जागीही ओरडायला लागतं. दर खेपेला कव्हर काढून धुवा, नाहीतर कव्हरच लावू नका. दुसरा, चार्जिंगची केबल चुंबकाने चिकटणारी आहे. बारीक रेती तिच्या टोकावर लवेसारखी जमते आणि पिना नीट टेकत नाहीत. कापडाने पुसली तर ती फक्त सरकते. चिकटपट्टी दाबून उचलली तरच निघते. तिसरा, 11 इंची कॉइल वाहत्या पाण्यात वल्ह्यासारखी ओढली जाते आणि तासाभरात मनगट भरून येतं. 9 इंची घेतली तर खोली थोडी कमी मिळेल, पण काम जास्त होईल. पिनपॉइंटरच्या (नेमकी जागा शोधायच्या हातातल्या छोट्या यंत्राच्या) झाकणातल्या रबरी रिंगला सिलिकॉन ग्रीस लावत राहायचं, आणि रिंगेवर रेतीचा एक कणही राहू द्यायचा नाही.

उकरायला लांब दांड्याचा स्टीलचा झारा फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घ्यावा. भोकं 10 मिलिमीटरची ठेवा, कारण 1957 चा नया पैसा 16 मिलिमीटरचा आहे. झारा कॉइलपासून हातभर लांब ठेवा.

आता ओळख. यंत्र सर्वात कमी भरवशाचं आहे ते इथेच. लोखंड खाली, अल्युमिनियम मधे, तांबं-चांदी वर, एवढी ढोबळ विभागणी बरोबर येते. पण बाटलीचं पत्र्याचं बूच सपाट असल्यामुळे वरचा आकडा देऊन फसवतं, आणि मंगळसूत्राची पातळ सोन्याची वाटी चमकी कागदाच्याच आकड्यावर येते. म्हणून मधला आवाज सोडायचा नाही, कचरा निघाला तरी उकरायचा.

खरी ओळख काठावर, वस्तू वाळल्यावर: चुंबक, 0.01 ग्रॅमचा काटा, कॅलिपर आणि सराफी भिंग. 1992 ते 2011 दरम्यानचा स्टीलचा रुपया 25 मिलिमीटरचा, 4.85 ग्रॅमचा, चुंबकाला चिकटतो. घाटांवर दोरीला चुंबक बांधून पोरं काढतात ती हीच नाणी. पण चिकटलं म्हणजे नवं, असं धरू नका. 1947 चा वाघाच्या छापाचा रुपया निकेलचा आहे; तोही चिकटतो, वजन मात्र 11.66 ग्रॅम, म्हणजे तोळाभर. व्हिक्टोरियाच्या चांदीच्या रुपयाचं वजनही तेवढंच, पण तो चुंबकाला दाद देत नाही.

तांब्यात सर्वात जास्त घोळ शिवराई (मराठेशाहीतलं तांब्याचं नाणं) आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या पाव आण्याचा. 1835 चा पाव आणा यंत्रावर पाडलेला, गोल, सारख्या जाडीचा, 6.47 ग्रॅम. शिवराई हातोड्याने पाडलेली: कड वेडीवाकडी, ठसा एका बाजूला सरकलेला. 'श्री राजा शिव' मधला नुसता 'जा' किंवा मागच्या 'छत्रपति' मधला 'पति' दिसला तरी पुरे. दिवा आडवा धरा, सरळ उजेडात झिजलेली अक्षरं दिसत नाहीत. शिवराई दिसली म्हणजे ती शिवाजी महाराजांच्याच काळातली, असंही समजू नका; ती पुढे पेशवाईतही पाडली जात होती. 1943 ते 47 चा भोकाचा पैसा मात्र भोकावरूनच ओळखू येतो.

चिंच, लिंबू, राख यांपैकी काहीही लावू नका. हिरवा-तपकिरी थर गेला की अक्षरंही जातात. डिस्टिल्ड पाण्यात दोन-तीन दिवस, पाणी रोज बदलून, आणि गाळ काढायला दात कोरायची लाकडी काडी.

कायदा सोपा आहे आणि पाळायलाच हवा. 1878 च्या कायद्याप्रमाणे जमिनीत दडलेला, दहा रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना 1972 चा पुरावशेष कायदा लागतो. संरक्षित वास्तूच्या परिसरात आणि जुन्या घाटांच्या पायऱ्यांलगत यंत्र नेऊच नका. पायरीखालची रेती उकरली की दगड सुटतो.

देवांचे टाकही सापडतात: चांदीचे, पातळ, नाकडोळे झिजून गुळगुळीत झालेले. आवाज अगदी चांदीच्या नाण्यासारखा येतो. घरच्या देवघरातले जुने टाक लोक नदीत विसर्जन करतात, ते हे. पिशवीत टाकू नका. होते तिथेच, थोड्या खोल पाण्यात, पुन्हा सोडा.