भाईंदर–वसई रो-रो: सायकलवाल्यांसाठी कितपत उपयोगी?

मुंबईतून उत्तरेकडे सायकल काढायची म्हटलं की घोडबंदर नाहीतर महामार्ग, आणि दोन्हीकडे कानाशी ट्रेलरचा हॉर्न. वसईचा सपाट हिरवा पट्टा खाडीच्या पलीकडे अगदी समोर असतो, पण भाईंदरहून रस्त्याने जायचं तर महामार्गावरच्या वर्सोवा पुलावरून वळसा घालून जवळपास ३८ किलोमीटर पडतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेली रो-रो, म्हणजे वाहनं थेट चढवून नेणारी बोट, हेच अंतर पंधरा-वीस मिनिटांवर आणते. पाण्यावरून ते साडेतीन किलोमीटरच्या आसपास आहे. दहिसर, बोरिवली, मिरा रोडकडच्या रोडबाइकवाल्यांना ही बोट म्हणजे दुपारच्या जेवणाला घरी पोचवणारी सपाट राइड आहे, आणि मुंबईत असं दुसरं काही नाही. मात्र ती नीट वापरायची तर भरती-ओहोटी कळली पाहिजे.

बोट मोटारी आणि दुचाकी वाहून नेण्यासाठी बांधलेली आहे. पुढचा लोखंडी रॅम्प जेट्टीच्या उतारावर टेकतो आणि वाहनं त्यावरून आत-बाहेर करतात. पाणी भरलेलं असलं की रॅम्प जवळजवळ आडवा राहतो. पूर्ण ओहोटीला बोट खाली बसते, जेट्टीच्या उताराचा एरवी पाण्याखाली असणारा भाग उघडा पडतो आणि त्यावर शेवाळ असतं. रोडबाइकचे बूट घालून पाय घसरतो तो नेमका इथे. एसपीडी-एसएल प्रकारचा मोठा प्लास्टिकचा क्लीट (बुटाच्या तळाशी असलेली, पेडलमध्ये अडकणारी पट्टी) ओल्या लोखंडावर अजिबात पकड घेत नाही. क्लीटवर रबरी कव्हर चढवा, किंवा आत बुडालेल्या छोट्या क्लीटचे एमटीबी बूट घाला. सायकल हातात धरून न्या आणि रॅम्पची कड काटकोनात ओलांडा. तिरकी ओलांडली तर पुढचं चाक कडेला धरून सरकतं. मोटारी चढेपर्यंत बाजूला थांबलेलं बरं. मागून येणारा चालक चढावर क्लच सांभाळत असतो, त्याचं लक्ष सायकलकडे नसतं.

भरतीची वेळ काढायचा कोकणातला जुना हिशेब इथेही चालतो: तिथीला तीनाने गुणायचं, चाराने भागायचं. चतुर्थीला पूर्ण भरती तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या, पौर्णिमा-अमावास्येला हिशेबाने सव्वाअकराच्या, प्रत्यक्षात साडेअकरा-बाराच्या आसपास. खाडीत आत ती थोडी उशिरा पोचते. ओहोटी त्यानंतर सव्वासहा तासांनी. म्हणजे पौर्णिमा किंवा अमावास्येच्या आसपासच्या रविवारी पहाटे सहाच्या सुमारास उधाणाची पूर्ण ओहोटी असते. सायकलवाले निघतात त्याच वेळी जेट्टी सर्वात वाईट अवस्थेत असते, आणि बोटीचं वेळापत्रकही अशा वेळी पुढेमागे होऊ शकतं. अष्टमी-नवमीच्या आसपासचा रविवार धरला तर सकाळी पाणी भरलेलं मिळतं. शिवाय तेव्हा भांग, म्हणजे लहान भरती-ओहोटी, असल्यामुळे दुपारची ओहोटीही फार खाली जात नाही, परत येताना रॅम्प सोपा. कॅलेंडर बघून राइड ठरवणं थोडं विचित्र वाटेल, पण एवढ्या एका गोष्टीने दिवसाचा सूर बदलतो.

सेवा सुरू झाली तेव्हा पायी प्रवाशाचं तिकीट ३० रुपये होतं. सायकलचं वेगळं विचारून घ्या आणि सुटे पैसे खिशात ठेवा. डेकवर सायकलसाठी स्टँड असेल असं गृहीत धरू नका. कठड्याला टेकवताना डिरेलरची, म्हणजे मागचे गिअर बदलणाऱ्या यंत्रणेची, बाजू बाहेर ठेवा, नाहीतर इंजिनाच्या थरथरीने सायकल सरकून ती धरणारा हँगर वाकतो आणि मग उरलेला दिवस गिअर उड्या मारत राहतात. जुन्या ट्यूबचे दोन तुकडे सोबत असले की काम होतं: एकाने फ्रेम कठड्याला बांधायची, दुसऱ्याने पुढचा ब्रेक लिव्हर दाबून हँडलला बांधायचा, म्हणजे चाक फिरत नाही.

वसईच्या बाजूला बोट लागते तीच किल्ल्याच्या कुशीत, आणि या सेवेचं खरं मोल इथे आहे. वसईचा किल्ला म्हणजे तटाच्या आत वसलेलं अख्खं शहर होतं. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने हा मुलूख पोर्तुगिजांना दिला आणि मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी तो जिंकला. त्या दोनशे वर्षांतली चर्चं, मठ आणि बालेकिल्ला आज छप्पर गेलेल्या अवस्थेत उभे आहेत. तट साधारण साडेचार किलोमीटरचा. पेशवाईचा सूर्य कलला तो ३१ डिसेंबर १८०२ चा इंग्रजांबरोबरचा तहही इथलाच. किल्ला पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. आतल्या पायवाटांवर सायकल चालवू नका; वडाची मुळं आणि उखडलेले दगड यांनी रिमला खोक पडतेच, शिवाय जुन्या जोत्यांवरून चाकं नेणं बरं नव्हे. चर्चची कमान बघायची तर सायकल हातात धरून जा. सकाळी आठच्या आत गेलात तर प्री-वेडिंगवाल्यांची गर्दी नसते आणि नुसते पक्षी ऐकू येतात.

किल्ल्यातून बाहेर पडलं की पारनाका, पापडी, गिरीज, निर्मळ, आगाशी आणि शेवटी अर्नाळा. एका बाजूने १८-२० किलोमीटर. दक्षिणेला उल्हास नदीची वसईची खाडी, उत्तरेला वैतरणा, आणि त्यांच्या मधली ही जमीन तळहातासारखी सपाट. कम्पॅक्ट क्रँक (पुढच्या चक्र्या थोड्या लहान असलेला) असेल तर पुढच्या मोठ्या चक्रीवरून उतरायची वेळच येत नाही. दोन्ही बाजूंना केळीच्या आणि पानवेलीच्या वाड्या, मधूनमधून बावखलं. हे गोड्या पाण्याचे लहान तलाव वाड्यांचा आणि विहिरींचा जीव आहेत; त्यांच्या कडेला थांबलात तर बाटली, रॅपर, काही म्हणता काही टाकू नका.

रस्ते अरुंद आणि तुकड्यातुकड्यांचे आहेत. गावाच्या नाक्यावर पेव्हर ब्लॉक, पुढे काँक्रीट, मग ठिगळं लावलेलं डांबर. काँक्रीटच्या दोन पट्ट्यांमध्ये रस्त्याच्या लांबीने जाणारी फट २५ मिमीच्या चाकाला गिळते. तिच्यालगत चालवू नका, ओलांडायची तर जास्तीत जास्त आडवी ओलांडा. टायर २८ मिमी किमान, ३२ उत्तम. सत्तर किलोच्या स्वाराला ट्यूब असलेल्या २८ च्या टायरमध्ये मागे ७५ आणि पुढे ७० पीएसआय पुरतात, ३२ मध्ये ६० आणि ५५. शंभर भरलेत तर पेव्हरवर चाक उड्या मारतं आणि मनगटं बधिर होतात. फार कमी ठेवलेत तर स्पीडब्रेकरच्या कडेवर ट्यूब रिमखाली चिमटून दोन भोकं पडतात. मिठागरांच्या बाजूला वळलात तर बाभळीचे काटे आहेतच, म्हणून दोन ट्यूब सोबत हव्यात. अर्नाळ्याला किनाऱ्याजवळच्या शेवटच्या टप्प्यात रस्त्यावर वाळू पसरलेली असते. तिथे वळणावर पुढचा ब्रेक दाबला की आडवे झालात म्हणून समजा.

रविवारी सकाळी गावोगावी मिस्साला जाणाऱ्या कुटुंबांची वर्दळ असते. चर्चजवळ वेग दहावर आणा आणि ओळीत चालवा. चौघांनी आडवं पसरून जायचा हा रस्ता नाही. आगाशीला सुकेळी मिळाली तर जरूर घ्या. राजेळी केळी उन्हात वाळवून, सुक्या पानात बांधलेली ही जुडी जर्सीच्या खिशात बरोबर मावते. चिकट तपकिरी तुकडा हळूहळू चावावा लागतो, गोडवाही तसाच सावकाश लागतो, आणि विकतच्या एनर्जी बारपेक्षा पोटाला हलका.

वारा ही सपाट मुलखातली चढण. हिवाळ्यात सकाळी वारा मंद असतो, अकरा-साडेअकरानंतर समुद्रावरून वायव्येचा सुरू होतो. सकाळी उत्तरेला अर्नाळ्याकडे जा, परतताना तोच पाठीवर घ्या. मार्चनंतर दहापर्यंत किल्ल्यात परत आलेलं चांगलं, आणि पाऊणलिटरच्या दोन बाटल्या भरून न्या. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा सर्वात चांगला काळ. पावसाळ्यात ही सखल जमीन पाणी धरून ठेवते आणि खड्डे दिसत नाहीत, तेव्हा हा मार्ग सोडाच.

ज्यांना लांब जायचंय त्यांच्यासाठी २०२५ पासून विरारच्या मारंबळपाड्याहून वैतरणा ओलांडून सफाळ्याच्या बाजूला नेणारी रो-रो आहे. दोन बोटी जोडल्या की भाईंदर ते केळवे महामार्गाला हात न लावता होतं. पण दोन्हीकडच्या परतीच्या वेळा आधी जुळवा, आणि एक बोट चुकली तर काय हे ठरवूनच निघा. वसईहून रस्त्याने परत यायचं म्हणजे महामार्ग आणि वर्सोवा पूल. त्यामुळे मागचा लाल दिवा दिवसाउजेडीही चालू ठेवा आणि अंधारात तर तो रस्ता नकोच. सायकल टेम्पोत टाका.

घरी आल्यावर खाऱ्या तुषारांचा हिशेब त्याच दिवशी चुकवावा लागतो. साध्या पाण्याने मगाने धुवा. प्रेशर गन नको, बेअरिंगमधलं ग्रीस निघून जातं. चेन फडक्याने कोरडी करून प्रत्येक कडीवर एक थेंब वेट ल्यूब (ओलीतही टिकणारं चेनचं तेल) द्या, दहा मिनिटांनी जादाचं पुसून काढा. स्टेम, सीटपोस्ट आणि बाटलीच्या पिंजऱ्याचे बोल्ट नीट बघा. स्टीलच्या बोल्टवर गंजाचा पहिला नारिंगी ठिपका तिथेच दिसतो.